रुक्मिणीचं कर्ज

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी रोज संध्याकाळी सहाला 'आ' लावते. द्वारकेच्या सेक्टर दहामध्ये यात नवल काही नाही. इथे प्रत्येक बिल्डिंगमध्ये कुणी कीबोर्ड बडवत असतं, कुणी कथकचे तोडे घोटत असतं, उरलेली मुलं आयआयटीसाठी जागत असतात. पण हिचा 'आ' षड्जावर बसत नाही. तो पाच पायऱ्या चढतो, उतरतो, मग अर्धा सूर वर सरकून पुन्हा तीच चढउतार सुरू. तंबोरा नाही, तबला नाही. कुकरच्या शिट्टीच्या वर तो आवाज स्वच्छ ऐकू येतो. ती शाळेच्या कॉयरमध्ये आहे, आणि तिला ऑपेरा गायचाय.

गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये आम्हा मराठी घरांचा एक कार्यक्रम असतो. तिथे आमच्यातल्या एका काकूंनी नाट्यपद म्हटलं. पेटीवाला हौशी, तबलजी दिल्लीचा, ठेका जरा पुढेच पळत होता. पण काकूंनी रेटून म्हटलं. खाली उतरताना जिन्यात त्या मुलीनं मला गाठलं. दिल्लीत जन्मलेली, त्यामुळे मराठीला हिंदीची फोडणी. "काका, हे तर ऑपेरासारखं झालं ना? नाटकच्या मधे गातात! मराठीमध्ये पण ऑपेरा असते का?"

मी म्हटलं, "होता. आणि त्यातली सगळ्यात मोठी गायिका एक पुरुष होता."

तिचे डोळे मोठे झाले. मग मोदक आले आणि विषय राहिला. हा लेख म्हणजे त्या जिन्यातल्या प्रश्नाचं थोडं उशिरा आलेलं उत्तर.

द्वारकेत राहून त्या पुरुषावर, म्हणजे बालगंधर्वांवर, लिहायचं तर एक धागा आयताच हाताशी येतो. आपल्याकडची पहिली मुलगी द्वारकेला नांदायला गेली ती रुक्मिणी. माहेर विदर्भातलं कौंडिण्यपूर, आजचा अमरावती जिल्हा. ती द्वारका सौराष्ट्रातली, समुद्रकाठची, आमची दिल्लीची. हिला आधी पप्पनकलाँ म्हणत. कृष्णाची द्वारका समुद्रात बुडाली म्हणतात. आमच्याकडे ती भीती नाही, इथे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. पण नाव तेच. आणि १० डिसेंबर १९१६ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'संगीत स्वयंवर' पहिल्यांदा रंगभूमीवर आलं तेव्हा कृष्णावर जीव जडलेल्या त्या वैदर्भीच्या वेषात नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, उभे होते. वय अठ्ठावीस.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. ऑपेरा हा शब्द आपल्याकडे जरा टिंगलीनंच वापरला जातो: जाड बाई, उंच किंकाळी, कळत काही नाही. मुळात प्रकार आपल्या फार जवळचा आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी फ्लॉरेन्समधल्या काही विद्वानांना वाटलं की प्राचीन ग्रीक नाटकं गाऊन होत असली पाहिजेत. तसं करून पाहू, म्हणून त्यांनी जे केलं त्यातून ऑपेरा निघाला. १६०७ साली मॉन्टेव्हर्दीचा 'ऑर्फेओ' मांतुआच्या दरबारात झाला, १६३७ साली व्हेनिसला तिकीट काढून बघता येईल असं पहिलं ऑपेरागृह उघडलं. आमचे अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्यात पारशी मंडळींची 'इंद्रसभा' बघून आले आणि कालिदासाकडे वळले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी 'संगीत शाकुंतल' झालं. तिथे ग्रीक, इथे संस्कृत. दोन्हीकडे जुनं नाटक उकरायला गेले आणि हाती नवंच काही लागलं. (एक गंमत. बरोबर शंभर वर्षांनी, सप्टेंबर १९८० मध्ये, फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराचा 'सत्याग्रह' हा ऑपेरा रॉटरडॅमला झाला. गांधीजींवरचा, आणि शब्द सगळे गीतेतले, संस्कृतात. द्वारकाधीश ऑपेरात पोचला तो असा.)

फरक आहे तो मालकीत. ऑपेरात राजा संगीतकार. त्यानं कागदावर जो सूर लिहिला तोच गायचा, तेवढाच वेळ गायचा, आणि समोर काठी घेऊन उभा असलेला माणूस सांगेल तेव्हा थांबायचं. म्हणून लोक म्हणतात व्हेर्दीचा ऑपेरा, पुचीनीचा ऑपेरा. 'स्वयंवर'मधली पदं खाडिलकरांनी लिहिली, चाली भास्करबुवा बखल्यांनी दिल्या. पण कुणालाही विचारा, ती पदं कुणाची? बालगंधर्वांची. कवी आणि चाल देणारा हे दोघंही आपल्या ऑपेरात मुलीच्या बापासारखे: वाढवायचं, लग्न लावून द्यायचं, आणि आडनाव जावयाचं.

नारायणाचा जन्म २६ जून १८८८चा. सांगली जिल्ह्यातलं नागठाणे हे गाव त्याच्या नावाशी जोडलेलं आहे. घरची परिस्थिती बेताची, गळा मात्र उपजत. जळगावला असताना मेहबूबखाँकडे थोडं शिक्षण झालं. पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि 'हा तर बालगंधर्व' असं काहीसं म्हणाले, ही कथा महाराष्ट्रात इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की ती आता पुराणात जमा झाली. नाव मात्र चिकटलं ते कायमचं. पुढे सत्तरी ओलांडली तरी माणूस 'बाल'च राहिला.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याच्यात लक्ष घातलं. मुलाच्या कानात दोष होता, उपचारासाठी मिरजेला पाठवलं. ज्याच्या सुरेलपणाची शपथ घ्यायची त्याला लहानपणी नीट ऐकू येत नव्हतं, हे वाचलं की मी दर वेळी थांबतो. किर्लोस्कर नाटक मंडळीला तेव्हा नायिकेची निकड होती. १९०१ साली भाऊराव कोल्हटकर गेले होते आणि त्यांच्या जागी उभं राहील असा गळा सापडत नव्हता. १९०५ साली नारायण कंपनीत आला आणि मिरजेला शकुंतला म्हणून उभा राहिला. अभिनयाची तालीम गोविंद बल्लाळ देवलांची. देवल मास्तर कडक; शब्द कुठे तोडायचा, नजर कुठे टाकायची, हे घासून घेणारे. बालगंधर्वांच्या गाण्यात शब्द शेवटपर्यंत स्वच्छ राहिला, त्याचं श्रेय मी गवयांच्या आधी देवलांना देईन.

पुढचं भराभर घडलं. १२ मार्च १९११ ला मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, भामिनी नारायणरावांची. त्याच दिवशी त्यांची थोरली मुलगी गेली आणि तरी प्रयोग झाला. ही गोष्ट मराठी माणूस अभिमानानं सांगतो, कलेवरची निष्ठा वगैरे. मला ती ऐकताना अंगावर काटा येतो, पण अभिमानाचा नव्हे. तिकिटं विकली गेली होती, थिएटर भरलं होतं, आणि सगळी कंपनी एका गळ्यावर उभी होती. त्या रात्री पडदा वर गेला त्यात निष्ठा होती आणि नाइलाजही होता, आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, टेंबे, गणपतराव बोडस आणि नारायणराव यांनी किर्लोस्कर सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली.

आता 'स्वयंवर'. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

भास्करबुवा बखले हे नाव आज नाट्यसंगीताच्या बाहेर फारसं घेतलं जात नाही, ते घेतलं पाहिजे. स्वतः लहानपणी किर्लोस्कर कंपनीत गायलेले. मग फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ, अल्लादियाखाँ अशा तीन दिग्गजांकडे राहून तीन घराण्यांची विद्या घेतलेले. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज काढणारेही तेच. तीन घराण्यांची ही शिदोरी त्यांनी 'स्वयंवर'च्या पदांत ओतली. बंदिशींवरून चाली बांधल्या, म्हणजे राग नाटकात आला तो पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखा. तोवर नाटकातली बरीच पदं साकी, दिंडी, कीर्तनी चाली यांच्यावर पोसलेली होती. 'स्वयंवर'नं अख्खी ख्यालगायकी गॅलरीतल्या चार-आठ आणेवाल्यापर्यंत नेली. यमन म्हणजे काय हे न कळणारा माणूस यमन गुणगुणत घरी गेला.

रुक्मिणीच्या तोंडचं यमनातलं एक पद माझ्या फोनवर आहे. मूळ ध्वनिमुद्रिका अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. नाटकात हेच पद वन्समोअर घेत घेत किती चालायचं याचा हिशेब रसिक मिनिटांत करत नसत. त्या तव्यात ते सगळं कोंबलेलं आहे. आधी खरखर, तेल तापल्यासारखी. मग ऑर्गनचा भाता भरतो आणि आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याची निराशा होते. ना पल्ला दाखवणं, ना गर्जना. आवाज पुरुषाचा आहे हे लगेच कळतं. बाईची नक्कल नाही, चोरटा आवाज नाही. उंच पट्टीतला, थोडा नाकाकडे झुकलेला, पण सूर असा की रेघ ओढावी. मग तुम्ही तिसऱ्यांदा ऐकता तेव्हा लक्षात येतं की हा माणूस समेवर कधी उडी मारत नाही. बोलत बोलत, लाडिकपणे, जणू सम वाटेत भेटली म्हणून तिच्यापाशी थांबतो. एक शब्द तीनदा येतो आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा: एकदा लाज, एकदा हट्ट, एकदा खात्री. तान येते ती विजेसारखी नव्हे, पदर सावरावा तशी, झाली म्हणेपर्यंत संपते. तीन मिनिटांनी तवा संपतो तो मधेच कापल्यासारखा, आणि खोलीत एकदम कमी काहीतरी वाटायला लागतं.

त्या पदामागे तबल्यावर कोण असे ते बघा: अहमदजान थिरकवाँ. सारंगीवर कादरबक्ष. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. मैफलीत ज्यांना ऐकायला लोक गावं ओलांडून जायचे त्यांना नारायणरावांनी पगार देऊन नाटकाच्या पिटात बसवलं. व्हिएन्नाच्या ऑपेरात जगातले नामांकित वादक बसतात, त्याचं कौतुक आपण वाचतो. गंधर्व कंपनीच्या पिटात काय होतं हे आपण सांगत नाही.

मी त्या मुलीला हे तव्यावरचं गाणं ऐकवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "पण ही गर्ल आहे की नाही? आणि आवाज फॉल्सेटो पण नाही." बरोबर पकडलं. मग तिला फारीनेल्लीची गोष्ट सांगितली. पोपच्या राज्यात बायकांना रंगमंचावर बंदी होती. इटलीत लहान मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांचा कोवळा आवाज आयुष्यभरासाठी राखून ठेवत, आणि ही मंडळी ऑपेराचे नायक आणि नायिका दोन्ही गात. त्यांतला सगळ्यात गाजलेला फारीनेल्ली. आपल्याकडे सुदैवानं सुरी कुणी उचलली नाही. शालीन घरातली बाई रंगभूमीवर येणार नाही हा नियम मात्र तोच, आणि त्यातून निघालेली विकृत गंमतही तीच: बाईला बंदी घालायची आणि बाईपणाचा आदर्श पुरुषाकडून शिकायचा. नारायणरावांनी नऊवारी कशी नेसली, नथ कुठली घातली, अंबाडा कसा घातला, हे बघायला घरंदाज बायका नाटकाला जात आणि आठ दिवसांत ते गावभर दिसू लागे. पुरुषांच्या डोक्यावर गंधर्व टोपी आली. शाकुंतलातल्या पौराणिक नायिकेला त्यांनी पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातली केलं, आणि दिवाणखान्यातल्या बायकांनी ते आरशासारखं घेतलं. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचा तो काळ संपला ते बरंच झालं, असं मी मानतो. पण त्या काळाचं सर्वोत्तम फळ या माणसाच्या गळ्यात पिकलं होतं, हेही मला नाकारता येत नाही.

फारीनेल्लीची आठवण आणखी एका कारणासाठी काढली. १७३७ साली तो माद्रिदला गेला आणि स्पेनच्या दरबारानं त्याला ठेवून घेतलं. वीस-बावीस वर्षं तिथे राहिला, मग बोलोन्याला स्वतःच्या घरात सुखानं म्हातारा झाला. आमच्या नारायणरावांना दरबार नव्हता असं नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय गंधर्व मंडळीला होता, आणि नाटककार गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत, फेब्रुवारी १९१९ मध्ये, त्यांचा 'एकच प्याला' पहिल्यांदा उभा राहिला तो बडोद्यातच. पण वर्षाकाठी येणाऱ्या त्या बिदागीवर एवढा संसार चालणं शक्य नव्हतं.

बालगंधर्वांविषयी बोलताना मराठी माणसाचा आवाज इथे बदलतो. गाण्याबद्दल गहिवर, आणि पैशाबद्दल 'चुकलंच हो त्यांचं'. खरे गालिचे, खरी चांदीची भांडी, प्रेक्षागृहात अत्तराचा शिडकावा, भरजरी शालू, 'द्रौपदी'साठी उभारलेली मयसभा. कुणी मागेल त्याला देणं. हिशेबाची वही डोळ्यांसमोर नाही. भागीदार टिकले नाहीत. टेंबे आधी गेले, मग बोडस गेले. १९२१च्या सुमारास कंपनी कर्जात बुडालेली आणि मालक एकटे नारायणराव. त्यांनी ते सगळं अंगावर घेतलं, रात्री जागून रुक्मिणी, भामिनी, सिंधू, सुभद्रा उभ्या करून पै-पै फेडलं आणि फिटल्यावर पुन्हा तोच थाट, पुन्हा कर्ज. व्यवहारी माणसाला हे वेडेपण वाटतं. मलाही पूर्वी वाटायचं.

आता नाही वाटत, किंवा वेगळं वाटतं. ऑपेरा हा प्रकार नुसत्या तिकिटावर क्वचितच चालतो. गाणं, वाद्यवृंद, नेपथ्य, वेषभूषा, पडदे, आणि रोज पोसायची माणसं, हे सगळं एका रात्रीच्या गल्ल्यातून निघत नाही. रिचर्ड वॅग्नर सावकारांना चुकवत गावं बदलत होता. १८६४ साली बव्हेरियाच्या गादीवर अठरा वर्षांचा लुडविग आला आणि त्यानं वॅग्नरची देणी फेडली. बायरॉइटला १८७६ साली पहिला महोत्सव झाला तोही तोट्यात, आणि पुन्हा राजाचा हात. आज जर्मनीतल्या ऑपेरागृहांचा मोठा खर्च राज्यं आणि नगरपालिका उचलतात. तिथला गायक संध्याकाळी गातो, महिनाअखेर पगार घेतो, आणि गालिचा कुणाच्या पैशाचा हे त्याला ठाऊकही नसतं. वॅग्नरच्या उधळपट्टीवर युरोपात पुस्तकं निघतात. आमच्या गायकानं तोच ऑपेरा, त्याच तोलामोलाचे वादक घेऊन, खिशातून चालवला, तर आपण म्हणतो त्याला हिशेब कळत नव्हता. हिशेब कळत नव्हता हे खरंच. पण ज्याला हिशेब कळतो तो थिरकवाँना पिटात बसवत नाही.

८ जुलै १९२१ हा दिवस बघा. मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, गंधर्व मंडळीचे नारायणराव भामिनी. एकमेकांचे प्रतिस्पर्धी, महाराष्ट्राचे दोन उभे तट, एका रंगमंचावर. तिकिटाचा वरचा दर शंभर रुपयांवर गेला होता, १९२१ सालचे शंभर. त्या रात्रीचा गल्ला देशाला गेला. केशवराव तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, ऐन एकतिशीत वारले. आणि नारायणराव स्वतःच्या डोक्यावर कर्ज असलेल्या त्याच वर्षात स्वराज्यासाठी फुकट गायले. हे मी त्यांच्या उधळेपणाच्याच खात्यात लिहीन, आणि मग ते खातं मला जड जाईल.

त्यांची एक सवय होती. समोरचा कोणीही असो, त्याला ते 'देवा' म्हणत. प्रेक्षकांना 'अन्नदाते मायबाप'. आपल्याला वाटतं ही नम्रता. असेलही. पण ज्याच्या घरात तिकीटबारीशिवाय दुसरी मिळकत नाही, त्याच्या तोंडी 'अन्नदाते' हा शब्द अगदी अक्षरशः खरा आहे. फारीनेल्लीचा अन्नदाता एक होता, मुकुट घातलेला. नारायणरावांचे हजार होते, आणि त्यांना वन्समोअर हवा होता.

तो वन्समोअरच शेवटी नाटकाच्या मुळावर आला. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत, कथानक गाण्याच्या पारावर बसलेलं, 'एकच प्याला'तली सिंधू मरायला टेकलेली आणि प्रेक्षक म्हणतात पुन्हा. ऑपेरातही हे झालं होतं, पण तिथे पुढे संगीतकार आणि काठीवाले दोघं मिळून गायकाला आवरू शकले. इथे आवरणारा कोणी नव्हता, गाणाराच मालक. १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाट्यसंस्था उभी करून बायकांची कामं बाईनंच करायची हे दाखवलं. १९३१ला 'आलम आरा' आला, पडदा बोलू लागला. १९३३च्या जुलैत नाट्यमन्वंतर या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' केलं: अडीच-तीन तासांत आटोपणारं, बायकांच्या भूमिकेत बायका, गाणी मोजकी. गंधर्व कंपनीनं 'कान्होपात्रा'सारखं नाटक त्याच सुमारास दिलं, पण वारा फिरला होता.

सिनेमानं त्यांना बोलावलं तेही उलटं. १९३५ साली प्रभातचा 'धर्मात्मा', दिग्दर्शक शांताराम. चित्रपटाचं आधीचं नाव 'महात्मा', सेन्सॉरला ते नको होतं. नारायणराव त्यात संत एकनाथ, म्हणजे पुरुष! पन्नाशीकडे झुकलेल्या नायिकेनं दाढीमिशांचं जग पत्करलं आणि प्रेक्षकांना ते पचलं नाही. दोन वर्षांनी बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात आले. कॅमेरा गॅलरीइतका दूर बसत नाही. तो चेहऱ्यावर येतो.

१९३८ साली गोहरबाई कर्नाटकी आल्या. तव्यांवरून बालगंधर्वांची गायकी आत्मसात केलेली ही गुणी गायिका. त्यांच्याबद्दल मराठीत जे लिहिलं-बोललं गेलं त्यातलं पुष्कळसं वाचवत नाही. कंपनी आधीच बुडत होती, ती त्यांनी बुडवली म्हणणं सोयीचं होतं, बस. नारायणरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० मध्ये गेल्या. नंतरची वर्षं कष्टाची: गळा होता, पाय गेले. नाटकं कमी आणि भजनं जास्त. चांगल्या काळातले 'देवा' बरेचसे पांगले होते. गोहरबाई राहिल्या, एवढं लिहून मी तो विषय सोडतो.

मागच्या महिन्यात एका शनिवारी मी आणि ती वरची मुलगी, तिच्या आईला सांगून, मेट्रोनं मंडी हाऊसला गेलो. द्वारका सेक्टर दहाहून निळी लाइन थेट जाते, गाडी बदलावी लागत नाही. वाटेत टिळक नगर लागतं. नाव देणाऱ्याचं स्टेशन आलं, असं मी म्हटलं, आणि ती नुसती हसली. मग टागोर गार्डन, करोल बाग, आणि रामकृष्ण आश्रम मार्ग, जिथे उतरून पहाडगंजातल्या मराठी शाळेत आणि महाराष्ट्र भवनात दिल्लीच्या मराठी माणसांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. मंडी हाऊसला वर आलं की रवींद्र भवन. तिथे संगीत नाटक अकादमी. १९५३ साली सुरू झालेल्या या अकादमीनं १९५५ साली बालगंधर्वांना पुरस्कार दिला. कशासाठी? अभिनयासाठी. गाण्यासाठी नव्हे. देशाच्या राजधानीला हा माणूस कोणत्या रकान्यात घालायचा हे ठरवावं लागलं असणार, आणि रकाना सापडला तो नाटकाचा. ऑपेराचा रकाना नव्हताच. १९६४ साली पद्मभूषण. पुढे त्यांच्यावरच्या २०११च्या मराठी चित्रपटातल्या गाण्यासाठी आनंद भाटे आणि रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. दिल्लीनं गाण्याचं बक्षीस दिलं ते असं, वळसा घालून.

येताना मुलीला मी दुसरं एक नाव दिलं. पॅट्रिशिया रोझारिओ, मुंबईत जन्मलेली गोव्याच्या घराची मुलगी, लंडनच्या गिल्डहॉलला शिकली, जगभर सोप्रानो म्हणून गायली. जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकारानं तिचा आवाज मनात धरून रचना केल्या. २००९पासून ती भारतात येऊन इथल्या मुलांना पाश्चात्य गायन शिकवते. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस तेवीस वर्षांनी पुन्हा उघडलं तेव्हा तिथे तीच गायली. आणि त्याच रंगमंचावर एके काळी नारायणरावही गायले होते. १९११ साली पंचम जॉर्जनं उद्घाटन केलेलं, ऑपेराचं नाव लावलेलं ते थिएटर ऑपेरावर काही जगू शकलं नाही. सिनेमा दाखवून जगलं, १९९३ला बंद पडलं, आणि गोंडलच्या राजघराण्याच्या खर्चानं पुन्हा उभं राहिलं.

"मग सिंगरला पैसे कोण देणार?" मुलीनं विचारलं. करोल बाग गेलं होतं. चौदा वर्षांच्या मुलीला पडावा असा हा प्रश्न नव्हे, पण तिला बरोबर पडला.

याचं उत्तर पुण्यात आहे, संभाजी बागेशेजारी. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी तिथे एका नाट्यगृहाची कोनशिला बसली ती खुद्द नारायणरावांच्या हातून. त्यासाठी पु. ल. देशपांड्यांनी जीव ओतला, आणि पैसा घातला पुणे महानगरपालिकेनं, म्हणजे पुण्याच्या करदात्यांनी. १५ जुलै १९६७ला नारायणराव पुण्यात गेले. बालगंधर्व रंगमंदिराचा पडदा पहिल्यांदा वर गेला २६ जून १९६८ला, त्यांच्या वाढदिवशी, ते गेल्यानंतर अकरा महिन्यांनी.